मीटरच्या पितळी डब्या

इरण्णामामा गेले, आणि त्यांना लबाड म्हणणारा मी ठणठणीत आहे.

सकाळपासून आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी पडताहेत. "लई मोठा कारागीर."

लाज वाटते का रे? शेवटच्या दोन वर्षांत किती जणांनी त्यांना एक तरी मीटर रिपेअरला दिला?

नाही दिला. कारण देऊ नका असं मीच सांगितलं होतं.

सात रस्त्याजवळ त्यांचं दुकान. वडिलांच्या जुन्या गाडीचे दोन मीटर, पेट्रोलचा आणि बॅटरीच्या करंटचा, मामांनी चालू करून दिले. मीटरभोवतीच्या डब्या मात्र त्याच, गंजक्या लोखंडी.

"मामा, पितळी करू का? फोटोत भारी दिसतील."

"नगा करू. मीटर शेजारी शेजारी हायत. दिवे लावले की करंटच्या मीटरचं चुंबक पेट्रोलच्या काट्याला वडतंय. लोखंडाची डबी हाय म्हणून आडतंय."

पण मी शहाणा ना! पुतणीच्या लग्नाआधी गुपचूप पितळी डब्या बसवल्या. लोखंडी भंगारात दिल्या.

वरातीत हेडलाइट लावले. काटा अर्ध्यावर. आणि भर चौकात गाडी बंद. टाकी कोरडी!

नवरी रिक्षातून घरी गेली. लोक हसले.

दुसऱ्या दिवशी गाडी दुकानासमोर लावून बोंबललो. "मीटर खोटा बसवला. लबाड आहात तुम्ही!"

मामांनी डॅशबोर्डकडे पाहिलं. पितळ त्यांना दिसलंच. पण चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी माझी अब्रू काढली नाही.

एवढंच म्हणाले, "दिवे बंद करून काटा बघा की एकदा."

मी बघितला नाही. ग्रुपवर मेसेज टाकला.

सहा महिन्यांनी पार्किंगमध्ये सहज दिवे बंद केले. काटा सर्रकन खाली आला.

तेव्हाच जायला हवं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ. खरं सांगू? माज होता.

आज त्यांच्या घरी गेलो. मामींनी फडक्यात बांधलेल्या दोन लोखंडी डब्या हातात दिल्या. गंज काढून, काळा रंग मारलेल्या.

"भंगारात हुडकून आणल्या हुत्या. मी म्हणायची, देऊन या. तर म्हणायचे, ऱ्हाऊ दे, येतील की ते."

ग्रुपवर आत्ताच सगळं खरं लिहिलं. सगळ्यांनी वाचलंय.

मामा, आलो होतो. तुम्ही नव्हता.

चुकलो. शेवटचा नमस्कार.