दसऱ्यानंतरचा उपवास

मी मूळची भोचक. हे मत घरच्यांचं आहे आणि ते मला कधी खोडून काढता आलेलं नाही. शेजारच्यांकडे कोण पाहुणे आले, कशाला आले, किती दिवस राहणार, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. त्यामुळे आमच्या शाळेत समुपदेशक नेमायची वेळ आली तेव्हा मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगितलं, "बाई, नाहीतरी तुम्ही सगळ्यांची चौकशी करताच. आता कामाचा भाग म्हणून करा." सगळे हसले. मी तोवर भूगोल शिकवत होते. दहा दिवसांचं प्रशिक्षण, एक जाड फाईल आणि जिन्याखालची एक खोली एवढ्या भांडवलावर मी समुपदेशक झाले.

दोन हजार साल उलटून गेल्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. नाशिकमध्ये तेव्हा क्लासच्या पाट्यांचा सुळसुळाट झाला होता आणि दहावीला बरे मार्क पडलेलं प्रत्येक मूल डॉक्टर किंवा इंजिनिअर होणार हे घरोघरी ठरून गेलेलं असायचं. आमच्या शाळेला जोडूनच अकरावी-बारावी होती. माझ्याकडे दर महिन्याला पालकांसाठी एक पत्रक काढायचं काम होतं. वरच्या अर्ध्या पानावर मुलांच्या तब्येतीचं आणि मनाचं, खालच्या अर्ध्यावर पुढच्या प्रवेशांचं: फॉर्म कधी निघतात, कुठले दाखले लागतात, सीईटीला कोणते विषय. खालचं अर्धं पान सोपं होतं. वरचं भरताना माझी त्रेधा उडायची. एका महिन्यात काहीच सुचेना, तेव्हा मी ठोकून दिलं की नेम-नियम पाळणाऱ्या मुलांचं मन लवकर एकाग्र होतं. कशाच्या आधारावर लिहिलं, देव जाणे. पान भरलं आणि मी मोकळी झाले.

दुसरं काम पेटीचं. खोलीबाहेर एक पत्र्याची पेटी लावून मी प्रार्थनेनंतर जाहीर केलं होतं की काहीही विचारा, नाव लिहू नका. उत्तर मी बाहेरच्या फळ्यावर लिहीन आणि चिठ्ठी कुणाची हे कधीही शोधणार नाही. हे शेवटचं वाक्य बोलताना मी स्वतःलाच बजावत होते. पेटीत चिठ्ठ्या यायच्या त्याही एकेक नमुने. उंची वाढवायला काय खावं? आर्ट्सला गेलं तर लोक हसतात का? गणिताच्या सरांचं लग्न झालंय का? या शेवटच्या प्रश्नावर मी फळ्यावर लिहिलं होतं, 'सरांनाच विचारा.' पुढे दोन दिवस सर माझ्याशी बोलत नव्हते.

मग नवरात्रात, दुसऱ्या माळेला, ही चिठ्ठी आली.

'मला दीड महिना झाला भूक लागत नाही. घास तोंडात फिरतो, खाली उतरत नाही. बारावीमुळे असं होतं का? घरी माहीत नाही. कुणाला सांगू नका.'

मी ती चार वेळा वाचली. दीड महिना म्हणजे काही थोडेथोडके दिवस नव्हेत. एखादं पोर आमच्या वर्गात बसून, आमच्या डोळ्यांदेखत वाळत चाललं होतं आणि मी फळ्यावर उंचीचे उपाय लिहीत होते. फळ्यावर मी उत्तर लिहिलं की हे होऊ शकतं, यावर इलाज असतो, मला येऊन भेट. दोन दिवस वाट पाहिली. कुणी आलं नाही. मग म्हटलं, खड्ड्यात गेलं ते वचन.

अक्षरावरून काही कळत नव्हतं, कारण एकेक अक्षर सुटं, छापल्यासारखं काढलेलं होतं. पण जेवत कोण नाही हे मधल्या सुट्टीत बघायला कितीसा वेळ लागणार? आपला डबा घेऊन मी बारावीच्या वर्गात जाऊन बसले आणि कपाळाला हात लावला. अर्ध्या वर्गाला उपवास होता. कुणाचा नऊ दिवसांचा, कुणाचा उठता-बसता, कुणाचा नुसत्या फळांवर. काही मुली अनवाणी आल्या होत्या. नाशिकमध्ये न जेवणारं मूल शोधायला मी नेमकं नवरात्र गाठलं होतं. मी ज्याला त्याला विचारत सुटले, "तुझा कसला गं? तुझा कसा रे?" आणि जो तो मला घरातल्या आजीपासूनची परंपरा सांगत बसला. घंटा झाली तरी माझा डबा तसाच होता.

चौथ्या दिवशी एक मुलगी सापडली. तिला उपवास नव्हता, तरी ती रोज आपला अख्खा डबा मैत्रिणींना देऊन टाकायची. मी तिला खोलीत बोलावलं, पाणी दिलं, प्रशिक्षणात शिकवला होता तो हळुवार आवाज काढला आणि विचारलं, "मनात काही साठलंय का बाळा?" ती ढसाढसा रडायला लागली. "बाई, आईला सांगू नका. मी रोज गेटसमोरच्या गाडीवर मिसळ खाते." ती गेल्यावर मी दार लावून पोटभर हसले. टेबलावरची चिठ्ठी दिसली तेव्हा हसू गेलं.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी डब्यांत पुरणपोळ्या आल्या, वर्गात तुपाचा वास सुटला. खिडकीजवळच्या बाकावर मात्र एका मुलीच्या डब्यात अजून भगर होती. ही माझी जुनी विद्यार्थिनी. भूगोलाच्या वहीत नद्या इतक्या निगुतीने काढायची की मी तिची वही बाकीच्यांना दाखवायचे. दहावीला शाळेत पहिली आलेली. घरची मखमलाबादच्या बाजूला फुलशेती, झेंडू आणि शेवंती.

"अगं, दसरा झाला की," मी म्हटलं.

"माझा कोजागिरीपर्यंत आहे बाई."

कोजागिरी झाली. मी पुन्हा गेले. या वेळी उत्तर तिच्या मैत्रिणींनीच दिलं, तेही अभिमानाने: बारावीची परीक्षा होईपर्यंत तिचा उपवास आहे, गडावरच्या देवीला बोललीय ती. आणि मग मी पाहिलं की ती डब्यातली भगर चमचा-चमचा सगळ्यांना वाटतेय. मुली उजवा हात पुढे करून घेत होत्या, कपाळाला लावून खात होत्या. डबा रिकामा झाला तेव्हा तिच्या पोटात एक शीतही गेलं नव्हतं. तिच्या घड्याळाच्या पट्ट्याला कर्कटकाच्या टोकाने पाडलेली दोन नवी भोकं होती.

मी तिला खोलीत बोलावलं आणि चिठ्ठी पुढे ठेवली. तिने चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही शोधणार नाही म्हणाला होतात."

"हो."

"मग?"

"शब्द मोडला. मला भीती वाटली गं."

ती रागाने उठली, दारापर्यंत गेली. तिचं बरोबर होतं, आणि मला माझी खरोखर लाज वाटली. पण ती परत येऊन बसली. बहुधा उभं राहायचंही त्राण नसावं.

मग तिने सांगितलं. दहावीच्या निकालापासून घरात तिचं नावच डॉक्टरीणबाई पडलं होतं. चुलत भावंडं खरचटलेले गुडघे घेऊन तिच्याकडे यायची. आजोबांनी सांधेदुखीचं औषध बंद केलं होतं, म्हणायचे, "आता तूच बघशील." आधी तिलाही गंमत वाटायची. अकरावी संपता संपता गंमत गेली. राखीपौर्णिमेच्या सुमारास जेवण जाईनासं झालं. गणपतीपासून दसऱ्यापर्यंत झेंडूवाल्यांच्या घरात पंगत बसतच नाही. तोडणी, निवड, गाड्या भरणं, ज्याला सवड मिळेल त्याने उभ्या उभ्या दोन घास खायचे. त्या धांदलीत कोण जेवलं, कोण नाही, कुणाला कळणार? आईच्या लक्षात आलं ते घटस्थापनेला.

"मी म्हटलं, उपवास आहे. आई इतकी खूश झाली बाई. मग दसरा आला, तर म्हटलं कोजागिरी. मग म्हटलं बारावी."

"काय व्हायचंय तुला?"

"माहीत नाही. पण डॉक्टर नाही व्हायचं."

सवयीने मी फाईल उघडली, कल चाचणीचा तक्ता काढला. वैद्यकीय, तांत्रिक, वाणिज्य, कला, इतर असे रकाने होते. 'माहीत नाही' असा रकाना नव्हता. मी फाईल मिटली. आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारत आले, त्या दिवशी मला पुढचा प्रश्न सुचला नाही.

तिला डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं आणि त्यासाठी घरी सांगायला हवं होतं. मी सांगते म्हटलं तर ती नको म्हणाली. "मीच सांगते. तुम्ही फक्त शेजारी बसा." डॉक्टर होणार नाही, हे ऐकून आई चिडेल, पण कधीतरी निवळेल असं तिला वाटत होतं. देवीच्या नावाने खोटं बोलल्याचं मात्र ती कधीच माफ करणार नाही, याच भीतीने तिने इतके दिवस तोंड मिटलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसने गेलो. आई अंगणात दिवाळीसाठी शेवंती निवडत बसली होती. सुकलेल्या चेहऱ्याची, चटपटीत बाई. मला बघून पटकन उठली.

"या बाई. पोरीनं काय केलं का?"

"काही नाही," मी म्हटलं आणि सतरंजीवर बसले.

"लय नेमाची हाय. आमच्या घरात येवढा कडक उपास कुणी केला नाय." असं म्हणत ती आत गेली आणि देवीच्या तसबिरीमागून एक घडी घातलेला कागद घेऊन आली. माझं पत्रक होतं ते. "दर महिन्याला ही मला वाचून दाखवती. तुमीच लिवलं हाय ना, नेम पाळला की डोकं चालतं म्हणून? मी जपून ठिवलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मी ते चुकीचं लिहिलं होतं," मी म्हटलं. माझा विनय समजून ती हसली.

"आई," मुलगी म्हणाली. घरी तिची भाषा घरची झाली होती. "माझा नवस नाय."

"म्हंजे?"

"देवीला मी काहीच बोलले नाय. मला जेवणच जात नाय, दोन महिने झाले. तुला उपास सांगितला. आणि मला डॉक्टर नाय व्हायचं."

आईचे हात आणखी पाच-सहा फुलं निवडत राहिले. मग थांबले.

"देवीच्या नावानं खोटं बोललीस?"

मुलीने होय म्हणून मान हलवली आणि ती रडायला लागली. आता माझी पाळी आहे असं वाटून मी तोंड उघडलं, प्रशिक्षणातली सगळी वाक्यं जिभेवर आली होती. आईने हात वर करून मला गप्प केलं.

"मी बी सोडला नाय," ती म्हणाली.

"काय?"

"उपास. दसऱ्याला घरात सगळ्यांनी सोडला, मी नाय. तू कोजागिरी म्हटलीस, मग बारावी म्हटलीस, तर मी बी बारावीपर्यंत धरला. येवढा लांबचा नवस, तुला एकटीला जड जाईल म्हणून."

मुलगी आईच्या मांडीवर डोकं टाकून रडत होती आणि मी पदराने डोळे पुसत होते. समुपदेशकाने रडायचं नसतं, असं फाईलमध्ये लिहिलेलं होतं.

"दवाखान्यात दाखवायला हवं तिला," थोड्या वेळाने मी म्हटलं. "आणि तुम्हीही दाखवा."

"उद्याच नेते. आणि तो फॉर्म कधी भरायचा असतो बाई, पुढचा?"

"बारावीनंतर."

"मग लय येळ हाय."

ती उठली, हात धुतले, आतून एका ताटात बाजरीची भाकरी आणि पातळ वरण घेऊन आली. भाकरी वरणात कुस्करली. एक घास तिने मुलीला भरवला, दुसरा स्वतःसाठी उचलला. मुलगी डोळे मिटून चावत होती, खूप वेळ चावत होती. तिच्या घशाखाली तो उतरेपर्यंत आईने आपला घास तसाच हातात धरून ठेवला होता.