कुसळ उतरेपर्यंत विळा नाही

आमच्या गावचं कुरण कधी कापायचं हे पाटील ठरवत नसे, पंचांगही ठरवत नसे. ते माझं लुगडं ठरवायचं. हसू नका. वडवणीच्या वरच्या डोंगरात निजामाच्या अमलात हा कायदाच होता, फक्त तो कुणी कागदावर लिहिला नव्हता.

कुरणात सगळं कुसळी गवत. पाऊस सरता सरता त्याला सुईसारखी कुसळं येतात. सासूबाईंनी मला शिकवलं होतं: सकाळचं दव वाळलं की कुरणातून मधोमध चालत जायचं, पलीकडे बसायचं आणि लुगड्याचा काठ बघायचा. कुसळं रुतलेली असली तर विळा घरातच. काठ रिकामा निघाला की गावाला सांगायचं. तोवर कुसळं गळून मातीत गेलेली असतात. म्हणजे पुढच्या वर्षीचं बी आपोआप पेरलं जातं आणि जनावराच्या तोंडालाही इजा होत नाही. सासूबाईंमागे हे काम माझ्याकडे आलं आणि खरं सांगते, मला त्याचा माज होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच जंगलखात्याचा दरोगा गावात आला. बीडला सरकारी घोड्यांसाठी गवत पाहिजे, चार दिवसांत कापा, असा हुकूम. मी त्याच सकाळी कुरणातून चालून आले होते. कुसळांनी भरलेला काठ त्याच्यापुढे धरला.

"ह्ये घोड्यांच्या तोंडात जाईल, साहेब. दिवाळी होऊ द्या."

"गवत तर चांगलं दिसतंय. सरकार काय तुझ्या लुगड्याला विचारून चालतं?" तो म्हणाला. शिपाई खो खो हसले. आमच्यातले काही पुरुषही हसले, आणि कोण कोण हसलं ते माझ्या पक्कं ध्यानात आहे.

गावातल्या एकाही बाईनं विळा उचलला नाही. दरोग्यानं बाहेरून माणसं आणली, अर्धं कुरण बोडकं केलं, गाड्या भरून बीडला पाठवल्या. मला रडू आलं, पण ते रागाचं.

पंधरा दिवसांनी तो परत आला. घोड्यांच्या हिरड्यांत कुसळं घुसली होती, जिभा सुजल्या होत्या. आता चूक कुणाच्या तरी गळ्यात बांधायची होती. त्यानं ती आमच्या नावावर उर्दूत लिहूनच आणली. पाटलानं वाचून दाखवलं: गावानं मुद्दाम खराब गवत दिलं, गावाला कुरण राखता येत नाही, सबब ते सरकारी जंगलात घ्यावं. पाटील सही करून मोकळा झाला. पण गवताची पारख माझी, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं, म्हणून खाली माझाही अंगठा हवा होता. मी नाही म्हटलं, तर माझ्या नवऱ्याला चावडीत कोंडलं.

कुरण गेल्यावर उन्हाळ्यात आमच्या गुरांनी काय दगड खायचे?

आतून नवरा ओरडला, "अंगठा देऊ नगंस! मी लई मजेत हाय हितं!"

"गप बे!" शिपायानं दारावर काठी आपटली.

दरोग्यानं पुरावा म्हणून त्याच गवताची एक पेंढी बरोबर आणली होती. मी तिच्यातली मूठभर ओढली आणि त्याच्या तोंडापुढे धरली.

"गवत चांगलं हाय, असं तुमी म्हणला हुता. सगळ्या गावानं ऐकलं. मंग ही एक मूठ चावून दावा. गिळू नका, नुसती चावा. म्या एक अंगठा न्हाई, धाई बोटं उठवते."

मूठ मी खाली घेतली नाही. चावडीपुढे माणसांची गर्दी, आणि या वेळी कुणी हसत नव्हतं. मागून एक म्हातारा म्हणाला, "चावा की साहेब, कावून थांबलाव?"

दरोग्याचे ओठ घट्ट मिटलेले. त्यानं कागदाची घडी घातली, खिशात कोंबली आणि घोडं मागवलं. नवरा संध्याकाळच्या भाकरीला घरी होता. कुरणही गावाचं गावाकडेच राहिलं.

दुसऱ्या वर्षी हुकूम आला की गवत पाटलाच्या सल्ल्यानं कापावं. माझ्या अंगाची लाही झाली. पाटलाला गवतातलं काय कळतं? पण दसऱ्याला तोच पाटील माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. वेशीत बीडच्या रिकाम्या गाड्या थांबलेल्या.

"काय करावं, बाई?" त्यानं विचारलं. मला बाई म्हणायची ही त्याची पहिलीच वेळ.

"थांबायचं," मी म्हटलं.

गाड्या आल्या तशा रिकाम्या परत गेल्या.