गुलाबरावांचा खोकला आणि सीटवरचा रुमाल

माझा धंदा बारदान्याचा. म्हणजे रिकामी पोती, सुतळी, दाभण. इतक्या वर्षांत एक गोष्ट समजली, पूर्ण रिकामं पोतं जगात नसतंच. कितीही झटका, शिवणीतून चार दाणे पडतातच! कारंज्यातल्या माझ्या दुकानासमोरच्या बाकाचं तसंच आहे. रोज सकाळी तीच माणसं बसतात, बोलायचं सगळं बोलून झालेलं असतं, तरी झटकलं की एखादा किस्सा पडतोच. गेल्या पावसाळ्यात मात्र जे दाणे पडले ते वेगळ्याच पिकाचे. पेशी, रिसेप्टर, औषधं! मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. पण आता या विषयावर बाकावर माझ्याशी वाद घालायची कोणाची हिंमत नाही.

सुरुवात गुलाबरावांच्या खोकल्यापासून करतो.

*

गुलाबराव म्हणजे आमच्या मार्केट यार्डाचा आवाज. धान्याच्या ढिगाशेजारी उभं राहून हर्रास, म्हणजे लिलाव, बोलतात. "एक वार... दोन वार... तीन वार!" त्यांचं 'तीन वार' झालं की माल विकला. माइक कधी हातात घेतला नाही. म्हणायचे, "माइक त्याले पाह्यजे, ज्याचा आवाज बायकोपर्यंत जात नाई!"

तर मागच्या उन्हाळ्यात या माणसाला कोरडा खोकला लागला. त्याची वेळही ठरलेली. "एक वार... दोन वार..." आणि 'तीन वार'च्या जागी खोकला! तो संपेपर्यंत सगळं यार्ड ताटकळायचं. तेवढ्यात एखाद्या व्यापाऱ्याचं मन बदलायचं आणि तो बोली चढवायचा. व्यापारी वैतागले. शेतकऱ्यांची मात्र एकही तक्रार नाही!

गुलाबरावांनी खोकल्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली. न्हाव्याला सांगितली, एसटीच्या कंडक्टरला सांगितली, बँकेच्या वॉचमनलाही सांगितली. जो जे म्हणेल ते घेतलं. ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, हळद-दूध झालं. हळदीनं मिशा पिवळ्या झाल्या. खोकला तिथंच.

*

मग बाकावरच्या रऊफभाईंनी उपाय काढला. रऊफभाईंचा मालवाहू ऑटो आहे. त्यांच्या साळ्याला शिंकांसाठी कोणे एके काळी दिलेली गोळी घरात पडून होती. "लो, गुलाबराव. नाक अन् गला, पडोसीच तो हैं!"

गुलाबरावांनी बाकावरच गोळी घेतली आणि यार्डात गेले. तासाभरानं हर्रासाची वेळ झाली, तर माणूसच नाही! घरी फोन, हॉटेलात शोध, संडासाच्या दाराला धक्के. अर्धा तास सगळे हैराण. तेवढ्यात एक हमाल बोंबलत आला, "भाऊ, पोतं खोकलून राह्यलं!"

रिकाम्या पोत्यांच्या थप्पीत गुलाबराव गाढ झोपलेले होते. हमालांनी न बघता वरून आणखी पोती टाकलेली. झोप लागली, पण खोकला काही गेला नव्हता!

त्या दिवशी हर्रास ठरवणारे वडीलधारे अडते अण्णाजी यांनी गुलाबरावांना बाजूला घेतलं. "गुलाबराव, नव्या सोयाबीनच्या पह्यल्या हर्रासापर्यंत पाह्यतो. खोकला गेला त् सीझन तुमचा. नाई त् मले दुसरा माणूस पाहा लागीन."

गुलाबराव बाकावर येऊन बसले. नुसते खोकत राहिले.

*

महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, माझी पुतणी मेघा पुण्याहून आली. ती तिकडं एका लॅबमध्ये रिसेप्टरवर संशोधन करते. नावाआधी डॉक्टर लागतं. गुलाबरावांनी तिला दारातच गाठलं.

"बाई, मले एक गोळी लिहून दे."

"काका, मी ती डॉक्टर नाही. मी नवीन औषधं शोधते."

"इतके वर्षं शिकली अन् एक गोळी देता येत नाई?"

रऊफभाई म्हणाले, "अरे भई, कुआँ खोदनेवाला पानी थोडीच बेचता है!"

ती बाकावर बसली आणि समजावू लागली. पेशीच्या अंगावर रिसेप्टर नावाच्या जागा असतात. शरीरातला निरोप येऊन त्या जागेवर बसला की पेशी कामाला लागते. नको तो निरोप बसू द्यायचा नसेल, तर औषध आधीच जाऊन तिथं बसतं.

मी म्हटलं, "म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "काकाजी, अगदी तसंच! रुमाल स्वतः कुठं जात नाही, तिकीट काढत नाही. फक्त दुसऱ्याला बसू देत नाही!"

"पण," रऊफभाईंची शंका, "रुमाल ड्रायवरच्या सीटवर जाऊन पडला तर?"

"त्यालाच साइड इफेक्ट म्हणतात, चाचा! तुमच्या त्या जुन्या गोळीचा रुमाल मेंदूतल्या सीटवरही पडला, म्हणून गुलाबकाका झोपले. बाहेरून फेकलेला रुमाल नेमक्या चौदा नंबरच्याच सीटवर कसा पडेल, हेच आमचं काम."

"हे मी लॅबमधल्या माझ्या भाषणात सांगू का?" असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "सांग. खाली दुकानाचं नाव टाक फक्त."

*

जाता जाता तिनं सहज विचारलं, "काका, सध्या औषध कोणतं चालू आहे?"

"काईच नाई."

"बीपीची गोळी?"

"ते औषध थोडीच हाय? ते त् रोजचं हाय!"

मेघा उठता उठता परत बसली. "ती कधी सुरू झाली?"

"मार्चात."

"आणि खोकला?"

गुलाबरावांनी बोटं मोजली, माझ्याकडं पाहिलं, परत मोजली. "मार्चाच्या शेवटी."

तिनं गोळीची पट्टी मागवून वाचली. म्हणाली, या जातीच्या गोळीनं काही जणांना कोरडा खोकला येतो. ही गोळी बीपी वाढवणारा निरोप तयारच होऊ देत नाही, पण तसं करताना शरीरात दुसरंच काहीतरी साचतं. दुसऱ्या जातीची गोळी निरोप बनणं थांबवत नाही, नुसता सीटवर रुमाल टाकते. त्या गोळीनं असा खोकला सहसा येत नाही.

गुलाबरावांनी पट्टी हिसकली आणि फेकायला हात उचलला.

"काका! आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही. बीपी चढेल. आधी डॉक्टरकडं जा. तुम्ही त्यांना खोकल्याचं सांगितलं ना?"

"ते बीपीचे डॉक्टर हायेत, बाई. त्याइले खोकल्याचं कायले सांगू?"

*

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वाशीमला घेऊन गेलो. बसमध्ये ते मनातल्या मनात घोकत होते. केबिनमध्ये शिरले, खुर्चीवर बसले आणि एका दमात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माह्या सीटवर रुमाल टाका!"

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं, तेव्हा ते चष्मा काढून हसले. मग म्हणाले, "गुलाबराव, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, खोकला आला तर लगेच या म्हणून?"

"येनारच होतो साहेब. पण खोकला होता ना!"

डॉक्टरांनी तपासून गोळी बदलली. म्हणाले, खोकला लगेच जाणार नाही, काही आठवडे लागतील. गुलाबरावांचा चेहरा पडला. सोयाबीन तर महिन्यावर आलेलं.

*

मेघाला बसवून द्यायला आम्ही सगळे स्टँडवर गेलो. तिच्या सीटवर रुमाल अर्थातच गुलाबरावांनी टाकला.

"बाई, तुही गोळी कधी येनार बजारात?"

"काका, पाच वर्षं आम्ही एका रिसेप्टरच्या मागं आहोत. आमचं औषध बसतं, पण शेजारच्या सीटवरही बसतं. मागच्या महिन्यात सगळं पहिल्यापासून सुरू केलं."

"पाच वर्षं रुमाल फेकून राह्यली?"

"हो."

गुलाबरावांनी खिशातली नवी पट्टी चाचपली. "मंग मी महिनाभर थांबतो."

*

नव्या सोयाबीनचा पहिला हर्रास. यार्डात पाय ठेवायला जागा नाही. अण्णाजी हाताची घडी घालून पहिल्या ढिगापाशी उभे. मी फोन लावून हातात धरला होता. पलीकडं पुण्यात मेघा कान देऊन.

गुलाबरावांनी घसा साफ केला.

"एक वार... दोन वार... तीन वार!"

खणखणीत! पहिला ढीग गेला, दुसरा गेला, पाचवा गेला. दहाव्याला अण्णाजींनी घडी सोडली आणि गुलाबरावांच्या पाठीवर थाप मारली. "सीझन तुमचा!" फोनमधून मेघा ओरडली ते मला यार्डाच्या गोंगाटातही ऐकू आलं. व्यापारी तर सगळ्यांत खूश. पटापट माल सुटत होता.

अकरावा ढीग शेलूबाजारकडच्या एका म्हाताऱ्याचा. पांढरी टोपी, अंगानं काटक. ढिगाला टेकून तो मघापासून एकेक हर्रास बारकाईनं बघत होता.

"एक वार... दोन वार..."

"ख्खॉक!"

गुलाबराव थबकले. सहा महिन्यांची सवय! खोकला ऐकला की थांबायचं. म्हाताऱ्याचा खोकला चांगला लांबला. डोळे मिटून, छाती धरून, अगदी मन लावून खोकला तो. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका व्यापाऱ्याचं मन बदललं आणि त्यानं बोट वर केलं. बोली चढली!

"तीन वार!" झालं. माल विकला. गुलाबराव काळजीनं म्हाताऱ्याजवळ गेले, त्याचा हात धरला.

"मामा, बीपीची गोळी सुरू हाय का तुमाले?"

"मले काहून असंल बीपी?" म्हातारा टोपी सारखी करत म्हणाला. "मले काईच नाई. सोयाबीनले हाय, चढलं ना आत्ता!"