चौथ्या ‘का’वर थांबवलेली मीटिंग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की आधी कारखान्यातल्या माणसांना नावं ठेवतो — माझ्या मीटिंगमध्ये कोणी तोंडच उघडत नाही म्हणून. फळ्यासमोर मार्कर घेऊन उभा राहतो, ‘सुचेल ते बोला’ म्हणतो, आणि आठ माणसं टेबलाकडे बघत बसतात. चीड येते. पण कोणाची?

सहा वर्षांपूर्वी असं नव्हतं. सातपूरचा आमचा कारखाना पंपाचे सुटे भाग बनवतो. एकदा अख्खा लॉट परत आला. कारण शोधायला मी सगळ्यांना बसवलं. पद्धत साधी — उत्तर मिळालं की पुन्हा ‘का?’ विचारायचं. पाच वेळा.

“साहेब, घरी पाच वेळा का विचारलं तर बायको माहेरी जाते,” स्टोअरचे पवारभाऊ म्हणाले. सगळे हसले. मीही.

लॉट परत का आला? भोकं लहान पडली. लहान का पडली? टूल झिजलं होतं. झिजलेलं का चालवलं? वेळेवर बदललं नाही. का नाही बदललं? मशीनवर गांगुर्डे होता, त्याने बदललं नाही.

चार झाले.

गांगुर्डे दिंडोरीहून मोटरसायकलने यायचा. सात वर्षं कंत्राटावर. त्याच महिन्यात कायम होणार होता. तो माझ्याकडे बघत होता — रागाने नाही, वाट बघत. कारण पाचव्या ‘का’चं उत्तर आम्हा दोघांनाच माहीत होतं. लॉट निघाला त्या दिवशी तो विचारायला आला होता, “साहेब, टूल गेलं हाय. बदलू का?” बदलून माप जुळवायला तास गेला असता, आणि गाडी दारात उभी. मी म्हणालो होतो, “चालव तसंच. मी बघतो.”

मी काय बघितलं?

मार्करला टोपण लावलं. चहा मागवला. अहवालात लिहिलं — ऑपरेटरचा निष्काळजीपणा. घाबरलो होतो, हो. पण लिहून झाल्यावर मला हायसं वाटलं — हे त्याहून वाईट.

कायम होणाऱ्यांच्या यादीतून त्याचं नाव गेलं, पुढे कंत्राटही संपवलं. शेवटच्या दिवशी तो कागदावर माझी सही घ्यायला आला.

“मीटिंगमदी तुमी बोलाल म्हणून मी गप बसलो, साहेब.”

भांडला नाही. मी उगाच पेन शोधत राहिलो — ते खिशातच होतं. मग सही केली, खाली तारीख घातली.