चाळीस दिवसांची सावड

कुंदा टिपणीस यांच्या तोंडून ‘मला येत नाही’ हे वाक्य कारखान्यात कोणी कधी ऐकलं नव्हतं. कितीही अवघड काम सांगा, त्या चष्मा नाकावर सरकवून म्हणायच्या, “बघते.” आणि खरंच बघायच्या. विठ्ठलवाडीहून रोज अंबरनाथला येणाऱ्या कुंदाताई १९८१ पासून लेखराजशेठच्या फायबरच्या कारखान्यात टायपिस्ट होत्या. टायपिस्ट फक्त पगारपत्रकावर. बाकी टपाल, टेलिफोन, जकातनाक्यावर अडकलेला टेम्पो सोडवणं आणि शेठचं इंग्रजी माणसांत आणणं, हे सगळं त्यांच्याच गळ्यात होतं.

ब्याण्णव साल उजाडलं तेव्हा कारखान्याचे दिवस काही बरे नव्हते. प्लास्टिकच्या काळ्या टाक्या बाजारात आल्या आणि फायबरच्या टाक्यांना कुत्रं विचारेना. मोरिवलीच्या अकरा बाया साच्यावर काम करायच्या. दिवाळीनंतर शटर ओढायचं, असं शेठने एकदा बोलूनही दाखवलं. त्या बायांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून कुंदाताई तो आठवडाभर खाली शेडमध्ये फिरकल्याच नाहीत.

अशातच एक परिपत्रक आलं. एकाच समुद्राला लागून असलेल्या काही शेजारी देशांनी मिळून एक निधी काढला होता. किनाऱ्यावरच्या गावांच्या उपयोगाचं काम दोन देशांतल्या लोकांनी मिळून करायचं, दोघांनी आपापला वाटा घालायचा आणि उरलेला खर्च निधीने उचलायचा. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरची कोळ्यांची एक सोसायटी जोडीदार शोधत होती. त्यांच्या होड्यांतल्या लाकडी पेट्यांत बर्फ टिकायचा नाही आणि किनारा गाठेपर्यंत अर्धी मासळी टाकून द्यावी लागायची. त्यांना चांगल्या पेट्या हव्या होत्या, आणि त्या घडवायला शिकायचंही होतं. फायबरची विद्या अंबरनाथला होती. पेटीच्या दोन थरांच्या मध्ये भरायला काथ्या लंकेत हवा तेवढा. सगळं जुळत होतं, पण घोडं अडलं ते अर्जातल्या ‘स्वतःचा वाटा’ या रकान्यापाशी.

“वाटा? मॅडम, मेरे पास है क्या?” शेठ म्हणाले. “एक साचा, दोन पंखे और तुम लोग.”

फोरमन हिरामण दारातच उभा होता. मोरिवलीचा, घरची भातशेती सांभाळून कारखान्यात आलेला. तो म्हणाला, “मंग मानसाच लिवा ना, बाय. आमचे गावान लावणीला सावड असतं. आज तू माझे शेतान, उद्या मी तुझे शेतान. पैसं कोन मांगतंय?”

कुंदाताईंना ते इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथे कागद मशीनला लावला. त्यांची दोन माणसं इथे येऊन चाळीस दिवस राबतील आणि शिकतील. मग आपली दोन माणसं तिकडे जाऊन चाळीस दिवस राबतील आणि शिकवतील. सावडीला इंग्रजी शब्द काही सुचेना. त्यांनी पहिलं अक्षर मोठं करून तसाच टाइप केला: सावड, चाळीस दिवस. खाली संपर्काची व्यक्ती म्हणून सही ठोकली आणि पाकीट बंद केलं.

दीड महिन्याने निधीच्या कार्यालयाचं उत्तर आलं. श्री. सावड यांची शैक्षणिक पात्रता आणि संमतिपत्र पंधरा दिवसांत पाठवावं. श्री. सावड फक्त चाळीसच दिवस का उपलब्ध आहेत, याचाही खुलासा करावा.

हिरामण पोट धरून हसला. शेठच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. “हसतो काय? मॅडम, ह्याचंच नाव लिहा. हिरामण सावड, डिप्लोमा होल्डर. कौन देखने आ रहा है इधर?”

खोटं एक पान पुरलं असतं आणि अकरा चुली चालू राहिल्या असत्या. पण अर्जाखाली सही त्यांची होती. “शेठ, चूक माझी आहे. निस्तरते मीच,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं. सावड हा माणूस नाही, रीत आहे. हिला प्रमाणपत्र नसतं. ज्याच्या शेतात आधी काम झालं, तो दुसऱ्याच्या शेतात गेला नाही तर पुढच्या वर्षी त्याच्या बांधावर कोणी येत नाही, एवढीच तिची हमी.

नंतरचा महिना त्यांना फार जड गेला. अखेर मंजुरी आली. पत्रात लिहिलं होतं की लंकेच्या सोसायटीला कार्यालयाने याबाबत विचारलं, तेव्हा त्यांनी कळवलं, आमच्या खेड्यांतही भाताच्या कामाला हेच चालतं, आम्ही त्याला अत्तम म्हणतो. रकाना मान्य. कुंदाताईंनी ते पत्र शेडमध्ये नेऊन बायांना मराठीत वाचून दाखवलं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात सोसायटीचे दोघे आले, काथ्याची पोती घेऊन. चाळीस दिवस साच्यावर राबले, मोरिवलीत भाकरी खाल्ली, आणि काथ्या दाबून भरायची अशी युक्ती शिकवून गेले की पेटीतला बर्फ दुसऱ्या दिवशीही खडखडीत राहू लागला. कोकणातल्या बंदरांवरून मागणी सुरू झाली. कारखाना तरला.

आणि तिथेच शेठची नियत जरा सैल झाली. हातात मोठी ऑर्डर होती. “हिरामणला सोडतो,” ते म्हणाले, “पण दुसरा माणूस? एक बाई पण सोडता येत नाही मॅडम. लिहून टाका, पुढच्या वर्षी येतो.”

“पुढच्या वर्षी नाही. त्यांचे चाळीस दिवस आपण घेतलेत. सही माझी आहे. दुसरी मी जाते.”

“तुम्ही? तिकडे टायपिंग शिकवणार?”

कुंदाताईंनी हात पुढे केले. नखांच्या कडांना फायबरचं चिकट रेझिन वाळलं होतं. पाच महिने त्या कारखाना सुटल्यावर तासभर शेडमध्ये थांबून बायांच्या हाताखाली शिकत होत्या. त्या बाया आणि नवरा शशिकांतराव यांना सोडून हे कोणाला ठाऊक नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा शशिकांतराव म्हणाले, “जा. दीड महिना माझ्या हातचं खाऊन मी मरत नाही.”

गेल्या त्या. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात, माडांखालच्या झापाच्या मांडवात साचा मांडला. भाषा येत नव्हती. ब्रश कसा फिरवायचा ते हाताला हात धरून दाखवलं. हवेचा बुडबुडा राहिला की थर खरवडून पुन्हा घालायला लावायच्या. कुंदाताई नुसत्या शिकवून थांबल्या नाहीत, बिघडवूनही दाखवलं: स्वतः पेटी फोडली आणि तिथल्या बायांकडून सांधून घेतली. चाळिसाव्या दिवशी तिथल्या सहा जणींनी हिरामणला हात लावू न देता अख्खी पेटी साच्यावरून उतरवली.

त्या अंबरनाथला परतल्यावर शेठनी पेढा पुढे केला आणि लगेच मुद्द्यावर आले. “कितीची ऑर्डर दिली त्यांनी?”

“ऑर्डर नाही. आता त्यांच्या पेट्या तेच करतात. फुटली तर सांधतातही तेच.”

“म्हणजे धंदा गेला!” शेठ खुर्चीत बसलेच.

“गेला,” कुंदाताई पेढा खात म्हणाल्या. “तेवढ्यासाठीच तर गेले होते मी.”