रिकाम्या नळीतली रेघ

“पहिल्यांदा रिकामी नळी बघ मा, मग हरण.” डीएनएच्या रेघा दाखवणारा जेलचा फोटो हातात आला की अक्का चष्मा कपाळावर सरकवून हेच म्हणायच्या. आमच्या चेन्नईच्या लॅबमध्ये त्या तंत्रज्ञ होत्या, तंजावरच्या मराठी घरातल्या. मी साताऱ्याची. त्यांचं “मज ठाऊक आहे, शरी?”, म्हणजे ‘बरं का’, ऐकून आधी मला हसू यायचं. नंतर कळलं, बाईंना खरंच ठाऊक असतं.

हरणांचं गाय-शेळीशी किती जवळचं नातं, हे आम्ही डीएनएवरून शोधत होतो. गायीसाठी बनवलेले मार्कर, म्हणजे डीएनए ओळखायच्या खुणा, हरणांवर कुठले चालतात, ते अक्कांनी सहा वर्षं खपून शोधून काढलं. “पेपरवर पहिलं नाव तुमचं,” लॅबचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले होते.

एकदा रिकाम्या, म्हणजे डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीतही रेघ उमटली. अक्का ताडकन उठल्या. “अय्यो! हे हरण नव्हे, गाय!” प्रत्येक नळीतल्या मिश्रणात घालायचं एक प्रथिन गायीच्या रक्तातून काढतात. नव्या बाटलीत गायीचा डीएनए राहून गेला होता, म्हणून आमची हरणं गायीची सख्खी भावंडं दिसत होती. सरांना छापायची घाई. त्यांनी फोटोतून ती कडेची नळीच कापली. पहिलं नाव अक्कांचं गाळून माझं घातलं. मला हे छापून येण्याच्या महिनाभर आधी माहीत होतं. मी मूग गिळून बसले, वर घरी पेढे वाटायला सांगितले. निर्लज्ज!

अक्का रडल्याबिडल्या नाहीत. डबा खाताना मला लोणचं वाढत राहिल्या. “सोडायची नाही मी त्यास,” एवढंच म्हणाल्या, तेही दहीभात कालवताना. तुम्ही पाहिली असतील अशी माणसं, आवाज चढला नाही की समजावं.

सरांच्या सत्काराच्या सकाळी अक्कांनी न कापलेला फोटो पेपर छापणाऱ्या मासिकाकडे पाठवला, खाली स्वतःची सही करून. पेपर मागे घेतला गेला. सरांची चांगली जिरली! मला उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगू? पण पहिलं नाव माझं होतं. माझी परदेशातली ठरलेली नोकरी गेली. अक्कांचं कंत्राटही संपवलं.

मी तणतणत नुंगंबाक्कमला त्यांच्या घरी गेले. “अक्का, मला आधी सांगायचं तरी!”

“माझं नाव गाळलं, तेव्हा तू सांगितलंस मज?”

त्यांनी कॉफी पुढे ठेवली.

“राग गेला का माझ्यावरचा?” मी विचारलं.

“नाही. पुढच्या रविवारी ये.”

तीन वर्षं दर रविवारी गेले, दर वेळी विचारलं. शेवटी अक्का हॉस्पिटलमध्ये होत्या, तिथेही विचारलं. अक्कांनी माझा हात घट्ट धरला आणि नाही म्हणून मान हलवली.