शकुंतलामावशींनी दाखवलेली हलगी

कोणताही इफेक्ट शिकवला की शकुंतलामावशी आधी विचारायच्या, "हे कशापायी करायचं, सर?" लातूरमधल्या माझ्या व्हिडिओ एडिटिंगच्या क्लासला येणारी बाकीची पोरं पडद्यावर फुलं उधळायला, नावं गरगर फिरवायला उतावीळ असत. मावशी अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, साठीच्या. औशाहून एसटीनं येत आणि पहिल्या रांगेत बसत. माउस धरायच्या तो चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा.

सुरुवातीला त्यांच्या हातून सगळंच बिघडे. एका तुकड्यावर टाकायचा रंग अख्ख्या व्हिडिओवर पडे आणि नवरा-नवरी हिरवेगार होत. मावशी खळखळून हसत. "मागं घ्या म्हनलं की मागं येतंय. असं जिंदगीत कुठं हाय, सर?"

एकदा मी उजेडाचा इफेक्ट शिकवला. आवाजाच्या ठोक्यासरशी पडदा क्षणभर उजळतो. मावशी एकदम ताठ बसल्या.

"म्हंजी आवाज डोळ्याला दिसतो?"

"हो, तसंच म्हणा."

क्लास सुटल्यावर त्या थांबल्या. त्यांची मुलगी ज्योती जन्मापासून बहिरी. नुकतीच नांदेडला दिलेली. "वरातीत हलगी लई वाजली. समदे नाचले. अन् माझी पोरगी एकेकाच्या तोंडाकडं बघून राहिली होती. तिला हलगी दाखवायचीय मला."

ठोके संगणक आपोआप शोधतो, मी करून देतो, असं मी म्हणालो.

"न्हाई, सर. समदे ठोके सारखे नसत्यात. हळू वाजलं तं उजेड बी हळूच पाहिजे."

मग त्या वरातीचा व्हिडिओ आणून कानाला हेडफोन लावून बसू लागल्या. हलक्या टिचकीला फिकट पिवळा उजेड, जोराच्या थापेला लख्ख पांढरा. चुकलं की पुसायचं, पुन्हा ऐकायचं, पुन्हा ठेवायचं. एवढ्याशा वरातीला त्यांचा अख्खा उन्हाळा गेला. इतकी वर्षं मी हेच शिकवतोय, पण कुणाच्या पाठीमागे असा श्वास रोखून उभा राहिलो नव्हतो.

ज्योती माहेरी आली तेव्हा मावशी तिला घेऊन आल्या. क्लासमधली ती त्यांची शेवटची खेप. स्पीकर त्यांनी बंदच ठेवले. पडद्यावर हलगीवाल्याचा हात चालू लागला आणि त्याच्या प्रत्येक थापेला वरात उजळू लागली. ज्योती आधी नुसती पाहत होती. मग तिची मान हलू लागली, मग टेबलावरची बोटं. मी डोळे मिटले. त्या शांत खोलीत लाकडावर हलगी वाजत होती, एकही ठोका न चुकता.

वरात संपली. ज्योतीनं आईकडे वळून भराभर हातवारे केले.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हनती, मला वाटायचं, लोकं उगंच नाचत्यात."

तोवर ज्योतीनं स्वतःच वरात पुन्हा सुरू केली होती.